पारा मोजायचा तर ते एकट्या लॅबचं काम नाही

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की आपल्या खाड्या, औष्णिक वीजकेंद्रं आणि मासळीबाजार यांतला पारा मोजायला वेगवेगळ्या लॅबनी एकमेकींशी जोडून काम केलं पाहिजे, सुट्टं सुट्टं मोजून भागणार नाही. त्यावर भरपूर पत्रं आली, काही रागाची, काही काळजीची. सगळी इथे मावणार नाहीत, पण ज्या प्रश्नांना नीट उत्तर देता येईल असे निवडलेत.

ताई, ठाणे खाडीतला एक मासा अर्धा अर्धा करून आम्ही दोन लॅबमध्ये दिला. एकीने पारा किलोला ०.१४ मिलिग्रॅम सांगितला, दुसरीने ०.६२. मासा तोच, दिवस तोच. आता खरं कोणाचं मानायचं? – एक वाचक, कळवा

दोघींचंही खरं असू शकतं, आणि खरं दुखणं तेच आहे. दोन्ही रिपोर्ट समोर घ्या आणि तळाशी बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. एकीवर 'वेट वेट' म्हणजे ओल्या वजनावर असं असेल आणि दुसरीवर 'ड्राय वेट' म्हणजे सुक्या वजनावर. माशाच्या मांसात पाऊण हिश्शाहून जास्त पाणीच असतं, ते वाळवून पूड केली की पारा तेवढाच राहतो पण वजन चौथ्या-पाचव्या हिश्शावर येतं, मग किलोमागे आकडा चार ते पाच पट दिसतो. तुमचा ०.१४ घ्या, त्याला साधारण ४.४ ने गुणा, ०.६२ येतो की नाही बघा! म्हणजे बहुतेक हेच झालंय. पण मधल्या मधे घरचे घाबरले, कोळणीच्या पाटीकडे लोक संशयाने बघायला लागले, कारण माशांसाठी किलोला ०.५ मिलिग्रॅम ही मर्यादा लोकांना तोंडपाठ असते पण ती आपण खातो त्या ताज्या मांसाची आहे, वाळलेल्या पुडीची नाही, हे कोणी सांगत नाही.

समजा दोन्हीवर ओलं वजनच लिहिलेलं असेल तर पुढचं विचारा. अर्धा म्हणजे कुठला अर्धा? डोक्याकडचा की शेपटीकडचा, कातडीसकट की नुसतं मांस, यकृताचा तुकडा त्यात गेला का. तपासलाय तो एकूण पारा की त्यातला फक्त मिथाइल पारा, म्हणजे माशांत साठत जाणारा जास्त घातक प्रकार. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, जो विचारायला लोक बिचकतात पण बिनधास्त विचारा, की या बॅचबरोबर सीआरएम लावला होता का आणि रिकव्हरी किती आली. सीआरएम म्हणजे असा नमुना ज्यातला पारा आधीच पक्का माहीत असतो, उदाहरणार्थ कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेची डॉर्म नावाची माशाच्या मांसाची पूड मिळते. लॅबने तुमच्या माशाबरोबर तीही मशीनमध्ये टाकायची आणि लेबलवरचा आकडा आपल्या मशीनवर कितपत येतोय ते बघायचं, हीच रिकव्हरी. आला तर तुमच्या माशाच्या आकड्यावर भरवसा ठेवायचा. चांगली लॅब हे सगळं दोन मिनिटांत काढून दाखवते. जी टाळाटाळ करते तिचा रिपोर्ट कितीही शिक्के मारलेला असू दे, मला तो पुरेसा वाटत नाही.

पाचवा महिना चालू आहे. सासूबाई म्हणतात मासे बंद कर, पारा असतो. माहेरी म्हणतात मासे खा, बाळाच्या डोक्याला चांगले. मी काय करू? – रत्नागिरीहून

बाळा, मासे बंद करू नकोस. मासा बघून खा. पारा पाण्यात, चिखलात गेला की तिथले जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात, तो बारीक जिवांत जातो, त्यांना खाणाऱ्या लहान माशात, त्यांना खाणाऱ्या मोठ्यात, आणि दर पायरीला वाढत जातो. म्हणून मोठे, खूप वर्षं जगणारे, दुसऱ्यांना खाणारे मासे, म्हणजे मोरी, मुशी, मोठा कुपा, तलवार मासा, हे या दिवसांत नकोत, मोठ्या सुरमईचे तुकडेही क्वचितच. मांदेली, तारली, बोंबील, कोळंबी, लहान बांगडा यांत पारा साधारणपणे कमी असतो. अमेरिकेतल्या अन्न व औषध खात्याचा गरोदर बायकांना सल्ला आठवड्याला साधारण २२५ ते ३४० ग्रॅम कमी पाऱ्याचे मासे खाण्याचा आहे, बंद करण्याचा नाही. तुझ्या डॉक्टरांना हे दाखव आणि त्या सांगतील ते ऐक. सासूबाईंची काळजी खोटी नाही, मिथाइल पारा वारेतून, नाळेवाटे बाळापर्यंत जातोच, फक्त तिचं उत्तर ताटातून मासा काढून टाकणं नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकते ती सांगते. हा सल्ला मी तुला जगभरातल्या माहितीवरून देतेय. तुमच्या मिरकरवाडा बंदरात उतरणाऱ्या माशांचे, त्यांच्या जातीनुसार, लांबीनुसार, दर मोसमाचे आकडे कुठल्याही आईला सहज बघता आले असते तर मी तुला नाव घेऊन, आकाराने, नेमकं सांगितलं असतं. जोडलेल्या लॅब हव्यात असं मी म्हणते ते यासाठी.

शंका असेल तर केसांची तपासणी करता येते, सुई टोचायची गरज नाही. डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर, पेन्सिलीएवढी जाड बट दोऱ्याने बांधतात आणि अगदी कातडीलगत कापतात, मुळाकडचं टोक कुठलं त्याची खूण करतात. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणजे मुळाकडचे तीन सेंटीमीटर हा गेल्या तीन महिन्यांचा हिशोब. ग्रॅममागे १ मायक्रोग्रॅम म्हणजे १ पीपीएमच्या आसपास किंवा खाली असेल तर निश्चिंत राहायचं. जास्त निघाला तरी घाबरायचं नाही, मासे बदलायचे आणि काही महिन्यांनी पुन्हा बघायचं. आणि हो, कुठलंही गोरेपणाचं क्रीम लावत असशील तर तपासणाऱ्यांना आधी सांग, काही क्रीममध्ये पारा असतो, तो बाहेरून केसाला चिकटतो आणि आकडा बिघडवतो. त्या पाऱ्यासाठी लघवीची तपासणी जास्त कामाची. आणि ते क्रीम आजच टाकून दे.

एमएस्सीला आहे. जोडलेल्या लॅबचं असं 'नेटवर्क' प्रत्यक्षात कुठे आहे का, की सगळं कागदावरच? – नागपूर

आहे की! सगळ्यात समजायला सोपं अमेरिकेतलं आहे, १९९६ पासून चाललेलं, पावसातला पारा मोजणारं. देशभर ठिकठिकाणी पावसाचं पाणी गोळा करणारी यंत्रं आहेत, झाकण पावसाला उघडतं आणि पाऊस थांबला की बंद होतं म्हणजे मधली धूळ आत पडत नाही, दर आठवड्याला बाटली बदलायची आणि सगळ्या बाटल्या एकाच लॅबला पाठवायच्या. गाभा एवढाच आहे. बाटली तीच, धुण्याची पद्धत तीच, मोजणारं मशीन तेच, म्हणून एका राज्याचा आकडा दुसऱ्या राज्याच्या आकड्याशेजारी ठेवता येतो.

त्याच धर्तीवर तैवान आणि अमेरिकेच्या पर्यावरण खात्यांनी मिळून गेल्या दशकात आशिया-पॅसिफिकसाठी पारा नेटवर्क उभं केलं. मधली लॅब तैवानच्या नॅशनल सेंट्रल युनिव्हर्सिटीत आणि व्हिएतनाम, थायलंड, इंडोनेशिया, फिलिपिन्स अशा देशांतली माणसं त्यात. तैवानचंच लुलिन नावाचं डोंगरावरचं केंद्र आहे, २८६२ मीटर उंचीवर, तिथे २००६ पासून हवेतला पारा मोजतायत, म्हणजे शेजारच्या देशांतून वाऱ्याबरोबर काय येतं ते दिसतं. युरोपने २०१० ते २०१५ मध्ये जगभरची केंद्रं जोडणारा प्रकल्प चालवला, त्यात आपलं कोडाईकॅनालही होतं. आणि जपानमध्ये, कारखान्याच्या सांडपाण्यातल्या पाऱ्याने माशांवाटे जिथे लोक आजारी पडले त्या खुद्द मिनामाता गावात, १९७८ पासून राष्ट्रीय संस्था आहे जी दुसऱ्या देशांतल्या लोकांना केस आणि मासे तपासायला शिकवते.

प्रादेशिकच का, प्रत्येक देशाने आपापलं का नाही, तर दोन कारणं. पहिलं म्हणजे धातुरूप पारा हवेत काही महिने ते वर्षभर फिरतो, त्याला सीमा कळत नाही. २०१५ साली माणसाच्या कामांतून जगात साधारण २२२० टन पारा हवेत गेला असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे, त्यातला ३८ टक्क्यांच्या आसपास हातांनी सोनं काढणाऱ्या छोट्या खाणींतून आणि पाचव्या हिश्शाच्या आसपास कोळशातून. एका देशाने एकट्याने मोजून आपल्याकडचा किती आणि बाहेरचा किती हे कळणारच नाही. दुसरं कारण पैशाचं आणि हाताखालच्या माणसांचं. एकूण पारा मोजणं तुलनेने सोपं, मिथाइल पारा वेगळा काढून मोजणं अवघड आणि खर्चिक, त्याला मुरलेला हात लागतो. दहा ठिकाणी अर्धवट सोय करण्यापेक्षा दहा लॅबनी एकूण पारा नीट मोजावा आणि त्यातले निवडक नमुने एका पक्क्या लॅबला मिथाइल पाऱ्यासाठी पाठवावेत, यात शहाणपण आहे.

त्याच गावाच्या नावाचा मिनामाता करार, म्हणजे पाऱ्याला आळा घालायचा आंतरराष्ट्रीय करार, १६ ऑगस्ट २०१७ ला लागू झाला, भारताने तो जून २०१८ मध्ये मंजूर केला. त्याच्या २२ व्या कलमात करार कामाला येतोय की नाही हे ठरवायला एकमेकांशी ताडून बघता येतील असे आकडे हवेत असं म्हटलंय. आणि तू नागपूरचा आहेस म्हणून मुद्दाम सांगते, तुझ्याच गावातल्या नीरीमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, स्टॉकहोम कराराचं, म्हणजे न विघटणाऱ्या सेंद्रिय विषांच्या कराराचं प्रादेशिक केंद्र आहे. दुसऱ्या देशांबरोबर असं काम करायची सवय आपल्याकडे आहे. पाऱ्यासाठीही अशीच घडी बसवावी असं मला मनापासून वाटतं.

आमच्या खिडकीतून वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. कोळशात पारा असतो म्हणे, मग तो आमच्यावर पडतो का? – चंद्रपूर

कोळशात पारा अगदी थोडा असतो पण कोळसा जळतो तो लाखो टनांनी, म्हणून हिशोब मोठा होतो. भट्टीत सगळा पारा वाफ होतो, मग धुराबरोबर थंड होताना त्याचे तीन प्रकार होतात. काही राखेच्या कणांना चिकटतो, काही क्लोरीनसारख्यांशी जोडला जाऊन पाण्यात विरघळणारा होतो, तो जवळपासच पावसाबरोबर खाली येतो, आणि उरलेला धातुरूप वाफेचा पारा लांब निघून जातो. तेव्हा तुमच्यावर काही पडतो आणि काही दुसऱ्यांवर. केंद्र सरकारच्या डिसेंबर २०१५ च्या नियमांत चिमणीसाठी पाऱ्याची मर्यादा घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅम घातलेली आहे. राखेत अडवलेला पारा मात्र नाहीसा होत नाही, तो राखेच्या तलावात जातो, म्हणून नुसती चिमणी मोजून थांबू नये, तलावाचं पाणी आणि खालच्या विहिरीही मोजायला हव्यात.

आता एक चांगली बातमी. हवेतला पारा मोजायला आधी फक्त महागडं, वीज आणि शुद्ध आर्गॉन वायू लागणारं मशीन होतं. आता टोरंटोच्या संशोधकांनी बनवलेले छोटे सॅम्पलर आहेत, आत कार्बन, वर टोपण, वीज लागत नाही. खांबावर लटकवा, दोन-तीन महिन्यांनी काढा, झाकण घट्ट लावून लॅबला पाठवा, लॅब तो कार्बन जाळून त्यातला पारा मोजते. उत्तर गोलार्धात स्वच्छ हवेत घनमीटरला १.५ नॅनोग्रॅमच्या आसपास पारा असतो. चंद्रपूर, घुग्घूस, बल्लारपूर आणि तुलनेला लांब ताडोबाच्या पलीकडे अशा शाळांच्या गच्च्यांवर असे सॅम्पलर वर्षभर लटकले तर तुमच्या प्रश्नाला अंदाजाने नाही, आकड्याने उत्तर मिळेल.

नुसतं मोजून काय होणार? मोजणारे मोजत बसतात, विष ओतणारे ओतत बसतात. – एक चिडलेला वाचक, अंबरनाथ

तुमचा राग मला समजतो. उल्हास नदीच्या खाडीत पारा आहे हे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मुंबई केंद्राच्या माणसांनी पूर्वीच मोजून लिहून ठेवलंय, आणि तुम्ही तिथून जवळच राहता. पण मिनामातात काय झालं ते जरा नीट सांगते, मग ठरवा.

१९५६ च्या १ मेला तिथल्या चिस्सो या रसायन कंपनीच्या हॉस्पिटलचे प्रमुख डॉ. होसोकावा यांच्या हॉस्पिटलमधून सरकारी आरोग्य केंद्राला कळवलं गेलं की मेंदूचा कसलातरी अनोळखी आजार पसरतोय. १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाने सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवलं. त्याच वर्षी होसोकावांनी कारखान्याचं सांडपाणी मांजराला अन्नातून घातलं आणि ४०० नंबरच्या मांजराला तोच आजार झाला. कंपनीने ते बाहेर येऊ दिलं नाही. सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केलं ते सप्टेंबर १९६८ मध्ये, कारखान्याने पारा वापरणारं ते उत्पादन त्याच वर्षीच्या मेमध्ये बंद केल्यावर. होसोकावांनी अखेर १९७० मध्ये आजारी असताना अंथरुणावरून कोर्टासाठी साक्ष दिली.

मला या सगळ्यात जास्त झोंबते ती दुसरी गोष्ट. १९६० पासून दोन-तीन वर्षं तिथल्या सरकारी लॅबने शिरानुई समुद्राच्या काठच्या हजारो लोकांचे केस तपासले होते. गोशोनोउरा बेटावरच्या एका बाईच्या केसांत ९२० पीपीएम पारा निघाला. नऊशे वीस! वर मी १ पीपीएम म्हटलं ते आठवा. मोजलं होतं, बरोबर मोजलं होतं, आणि तरी ते आकडे लोकांपर्यंत गेले नाहीत, त्या काठावरची माणसं तेच मासे खात राहिली. तेव्हा तुमचं अर्धं बरोबर आहे, मोजून फायलीत ठेवलं तर काही होत नाही. पण मोजणं जर एकाच लॅबच्या, एकाच कंपनीच्या किंवा एकाच खात्याच्या हातात नसेल, तोच नमुना तीन गावांतल्या तीन लॅबनी तपासलेला असेल आणि आकडे त्याच महिन्यात सगळ्यांसमोर मांडायचं आधीच ठरलेलं असेल, तर दाबायला किती जणांना गप्प करणार? जोडलेल्या लॅबचा मला वाटणारा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, शास्त्राचा नंतर.

आपल्याकडेही कोडाईकॅनालच्या थर्मामीटर कारखान्याचं प्रकरण २००१ मध्ये बाहेर आलं ते भंगाराच्या दुकानात पाऱ्याच्या काचा सापडल्यावर, गावातल्या लोकांनी आणि कार्यकर्त्यांनी आवाज उठवल्यावर. २००३ मध्ये शेकडो टन पारामिश्रित कचरा जहाजाने अमेरिकेला परत गेला, आणि ५९१ कामगारांशी समझोता व्हायला २०१६ उजाडलं. गावाजवळ आधीपासून नियमित मोजणारं कोणी असतं तर भंगारवाल्याच्या दुकानापर्यंत वाट बघावी लागली नसती.

आमच्या कॉलेजात केमिस्ट्रीची लॅब बरी आहे, पारा मोजायचं मशीन घ्यायचा प्रस्ताव आहे. अशा नेटवर्कमध्ये जायचं तर सुरुवात कुठून करायची? – प्राध्यापक, मडगाव

सर, मशीनचा विचार शेवटी करा, आधी माणसाचा. पारा मोजणारी लॅब बंद पडते ती बहुतेक वेळा मशीन बिघडून नाही, शिकलेला मुलगा किंवा मुलगी दुसरीकडे नोकरीला गेल्यामुळे. दोघांना शिकवा, एकाला नाही, आणि प्रत्येक पायरी मराठीत किंवा कोकणीत जशी करता तशी वहीत लिहून ठेवा.

मशीन घ्यायचंच तर सुरुवातीला मासे, केस, गाळ यांसाठी थेट जाळून मोजणारं घ्या. निकेलच्या होडीसारख्या छोट्या डबीत शंभर मिलिग्रॅमच्या आत-बाहेर नमुना तोलायचा, ती आत सरकते, ऑक्सिजनमध्ये जळते, निघालेला पारा सोन्याच्या जाळीवर अडकतो, मग सोनं तापवलं की सगळा एकदम सुटतो आणि २५३.७ नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजला जातो. पाच-सहा मिनिटांत एक नमुना, ॲसिडमध्ये उकळायची भानगड नाही. पाण्याला मात्र लगेच हात घालू नका. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम, ती मोजणं जमेल, पण नदी-समुद्राच्या पाण्यात पारा लिटरला नॅनोग्रॅममध्ये असतो, तिथे तुमच्या हाताची धूळसुद्धा पुरते आकडा बिघडवायला. पाण्याचा नमुना घ्यायला दोन माणसं लागतात, एक बाहेरची पिशवी उघडतो आणि बाकी सगळ्याला हात लावतो, दुसरा फक्त आतल्या बाटलीला, स्वच्छ हातमोज्यांनी, होडीच्या पुढच्या टोकाला वारा येतोय तिकडे तोंड करून. बरोबर शुद्ध पाण्याची एक बाटलीही न्यायची, तिथे उघडायची, बंद करायची, परत आणून मोजायची. त्या कोऱ्या बाटलीत पारा निघाला तर त्या दिवसाचं सगळं पाणी फेकून द्यायचं. जीवावर येतं, पण द्यायचं.

पहिलं वर्ष कोणाला रिपोर्ट देऊ नका. प्रावीण्य चाचणीत नाव घाला, म्हणजे बाहेरची संस्था सगळ्या लॅबना तोच अज्ञात नमुना पाठवते आणि तुमचा आकडा बाकीच्यांच्या किती जवळ आला त्याचा झेड-स्कोअर देते. उणे २ ते अधिक २ मध्ये असाल तर ठीक, ३ च्या पलीकडे गेलात तर काम थांबवून कारण शोधायचं. सलग दोन-तीन वेळा ठीक आलात की मग लॅब तपासून मान्यता देणाऱ्या एनएबीएल या मंडळाकडे अर्ज, आयएसओ १७०२५ या लॅबसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे. त्याच वेळी कारवार, रत्नागिरी, सिंधुदुर्ग इकडच्या एक-दोन कॉलेजांना जोडून घ्या, सगळ्यांनी तेच पाच मासे ठरवा, तीच लांबी, तोच महिना, ओल्या वजनावरच आकडे, आणि दर दहा नमुन्यांमागे एक नमुना अदलाबदल करून एकमेकांचा तपासा. कारवारजवळ बिणग्याला पाऱ्याच्या पद्धतीने कॉस्टिक सोडा बनत होता, त्यामुळे त्या बाजूच्या खाडीचा गाळ थराथराने कापून मोजला तर तुमच्या मुलांना मागच्या काही दशकांचा इतिहास हातात मिळेल, वरचा थर अलीकडचा आणि खाली जाल तसा जुना.

प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग फ्रीजरमध्ये जपून ठेवा, लेबल शाईचं नको, पेन्सिलीचं, शाई विरते. तुमच्या आकड्यावर कोणी शंका घेतली तर वाद घालू नका, तो अर्धा भाग काढून दुसऱ्या लॅबला द्या. आणि मशीनच्या प्रस्तावात पाच वर्षांचा ऑक्सिजन, सीआरएम, दुरुस्ती आणि दोन माणसांचा पगार आत्ताच लिहा, एकदा मशीन आलं की नंतर हे पैसे मागायला गेलात तर कोणी दारात उभं करत नाही.